भौगोलिक नावांतील विशेषनाम आणि सामान्यनाम कसे ओळखावे

रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना एक सोय असते. पहिले अक्षर मोठे काढले की तो शब्द कोणाचे तरी नाव आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळते. देवनागरीत ही सोय नाही. ‘काल वाडीला जाऊन आलो’ असे कोणी लिहिले, तर त्याने नरसोबाच्या वाडीला जाऊन दत्ताचे दर्शन घेतले की मळ्यापलीकडच्या चार घरांच्या वस्तीवर चक्कर मारली, हे अक्षरांच्या आकारावरून समजण्याचा मार्ग नाही. तरीही मराठी वाचकाचा सहसा गोंधळ होत नाही, कारण विभक्तीचा प्रत्यय कोठे लागला, क्रियापद कोणाच्या लिंगाप्रमाणे चालले आणि शब्दापुढे ‘ला’ आले की ‘वर’ आले, यांवरून तो नकळत निर्णय करत असतो. तोच निर्णय जाणीवपूर्वक कसा करावा, हे येथे सांगायचे आहे. शब्दांच्या जाती शिकवणारे शिक्षक, मुद्रितशोधक, अनुवादक, आणि गावांच्या याद्या किंवा नकाशे तयार करणारे यांना तो वारंवार करावा लागतो.

व्याख्येत फार अडकण्याचे कारण नाही. ‘नदी’ हा शब्द त्या जातीच्या सर्व प्रवाहांना लागू पडतो, म्हणून ते सामान्यनाम. ‘गोदावरी’ हे त्यांपैकी एकीचे ठेवलेले नाव, म्हणून ते विशेषनाम. ‘कोणती नदी?’ हा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर ‘गोदावरी’ असे येते, ‘कोणती गोदावरी?’ हा प्रश्न सहसा संभवत नाही. भौगोलिक नावांच्या प्रमाणीकरणाचे काम करणारे तज्ज्ञ हाच भेद वेगळ्या शब्दांत मांडतात. या विषयावरची संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६७ मध्ये जिनिव्हा येथे भरली, आणि त्या क्षेत्रात नावाचे दोन घटक मानण्याची पद्धत रूढ आहे: एक विशिष्ट घटक आणि दुसरा जातिवाचक घटक. ‘लोणार सरोवर’ यात ‘लोणार’ हा विशिष्ट आणि ‘सरोवर’ हा जातिवाचक.

एक गैरसमज मात्र आधीच दूर केलेला बरा. एखादा शब्दसमूह एकाच स्थळाला लागू पडतो, एवढ्यावरून तो विशेषनाम ठरत नाही. ‘महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर’ हे शब्द १,६४६ मीटर उंचीच्या एकाच शिखराला लागू पडतात, पण ते त्याचे वर्णन आहे. ‘कळसूबाई’ हे त्याचे नाव आहे. वर्णन बदलू शकते, आणि नव्या मोजणीत दुसरे शिखर उंच निघाले तर ते त्या शिखराकडे जाईलही. नाव मात्र जिथल्या तिथे राहील. उलट एकच विशेषनाम अनेक स्थळांचे असू शकते. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे तसे वाशीम जिल्ह्यातही आहे, आणि तरीही दोन्ही ठिकाणी ते विशेषनामच आहे.

प्रत्यय कोठे लागतो ते पाहावे

माझ्या मते मराठीतली सर्वांत भरवशाची खूण हीच आहे. ‘सातारा जिल्हा’ आणि ‘काळा समुद्र’ हे दोन शब्दसमूह घ्यावेत. दोन्हींतला पहिला शब्द आकारान्त आहे, दुसरा पुल्लिंगी सामान्यनाम आहे, आणि वरवर पाहता दोन्हींची घडण सारखीच वाटते. आता दोन्हींना ‘त’ हा प्रत्यय लावावा. ‘सातारा जिल्ह्यात’ असे रूप होते. ‘साताऱ्या जिल्ह्यात’ असे कोणीही म्हणत नाही. दुसरीकडे ‘काळ्या समुद्रात’ असे रूप होते आणि ‘काळा समुद्रात’ हे कानाला खटकते. याचा अर्थ असा की ‘सातारा’ हे स्वतंत्र नाम आहे आणि त्याच्यापुढे ‘जिल्हा’ हे सामान्यनाम ओळख करून देण्यासाठी ठेवलेले आहे. प्रत्यय त्या सामान्यनामाला लागतो आणि विशेषनाम मूळ रूपातच राहते. ‘काळा’ हे मात्र विशेषण आहे, ते पुढच्या नामाबरोबर वाकते, आणि एकट्या विशेषणाला नाव म्हणता येत नसल्यामुळे ‘काळा समुद्र’ हे दोन्ही शब्द मिळून एक विशेषनाम मानावे लागते. एकटा ‘सातारा’ घेतला तर तोही ‘साताऱ्यात’ असा नीट वाकतो, म्हणजे जिल्ह्याच्या शेजारी तो न वाकण्याचे कारण त्या शब्दाच्या स्वभावात नसून त्याच्या जागेत आहे.

हीच कसोटी ‘ठाणे जिल्ह्यात’, ‘धुळे शहरात’ आणि ‘पुणे महानगरात’ यांना लागू पडते. तिच्या दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. ‘अरबी समुद्र’, ‘लाल समुद्र’, ‘मृत समुद्र’ किंवा ‘हिंदी महासागर’ यांतली विशेषणे मुळातच अविकारी आहेत. ती कोणापुढेही वाकत नाहीत, त्यामुळे प्रत्ययावरून तेथे काहीच कळत नाही आणि पुढे दिलेली शब्द काढून पाहण्याची कसोटी वापरावी लागते.

दुसरी मर्यादा अधिक मनोरंजक आहे. ‘नवी’ हे विकारी विशेषण आहे, तरीही वर्तमानपत्रे ‘नवी दिल्लीत’ असेच लिहितात. ‘नव्या दिल्लीत’ असे लिहिले तर ते नाव न राहता दिल्लीच्या नव्याने वसलेल्या भागाचे वर्णन वाटू लागते. ‘नवी मुंबईत’ याचेही तेच. राजधानीचे किंवा महानगरपालिकेचे अधिकृत नाव म्हणून शब्द इतके घट्ट बसले की आतले विशेषण आता हलत नाही. याउलट ‘जुन्या दिल्लीत’ आणि ‘जुन्या गोव्यात’ असेच आपण म्हणतो, म्हणजे तेथे विशेषण अजून जिवंत आहे. नाव किती गोठले आहे, हे मोजण्याचे याहून सोपे साधन मला माहीत नाही. त्यामुळे विकारी विशेषण असूनही ते वाकत नसेल, तर शंका न घेता सगळा शब्दसमूह विशेषनाम धरावा.

षष्ठीची नावे यापेक्षा जरा वेगळी असतात. ‘बंगालचा उपसागर’, ‘मनारचे आखात’ आणि ‘नरसोबाची वाडी’ ही विशेषनामे आहेत. ‘बंगालचे बंदर’ किंवा ‘नाशिकचा घाट’ ही साधी वर्णने आहेत. प्रत्यय दोन्हीकडे सारखेच चालतात, म्हणून येथे मध्ये एक विशेषण घालून पाहावे. ‘बंगालचे जुने बंदर’ हे सहज खपते. ‘बंगालचा खोल उपसागर’ असे म्हटले की नाव मोडल्यासारखे वाटते, आणि ते विशेषण ‘खोल बंगालचा उपसागर’ असे बाहेर नेले तर ते बंगालला चिकटते, म्हणून शहाणा लेखक वाक्यच बदलतो. ज्याच्या पोटात शब्द शिरत नाही ते नाव, असे ढोबळमानाने म्हणता येते.

क्रियापदाचे लिंग

‘सातारा वाढला’, पण ‘सातारा शहर वाढले’. ‘मुंबई जुनी आहे’, पण ‘मुंबई बंदर जुने आहे’. मराठीत प्रत्येक ग्रामनामाला स्वतःचे लिंग असते: सातारा पुल्लिंगी, मुंबई स्त्रीलिंगी, पुणे नपुंसकलिंगी. विशेषनामापुढे सामान्यनाम आले की क्रियापद आणि विशेषण त्या सामान्यनामाच्या मागे जातात. म्हणून वाक्याचा कर्ता नेमका कोण आहे याविषयी शंका असेल, तर क्रियापदाकडे पाहावे. पदपरिचय विचारला असता ‘सातारा शहर वाढले’ या वाक्यात ‘सातारा’ हे विशेषनाम आणि ‘शहर’ हे सामान्यनाम असे वेगवेगळे सांगणेच योग्य ठरते.

शब्द काढून पाहावा, पण लगेच खोडू नये

‘गोदावरी नदी’ यातून ‘नदी’ काढली तर ‘गोदावरी’ उरते आणि अर्थाला धक्का लागत नाही. ‘शनिवार पेठ’ यातून ‘पेठ’ काढली तर एक वार उरतो. ‘अरबी समुद्र’ यातून ‘समुद्र’ काढला तर लोंबकळणारे विशेषण उरते. ‘नाणेघाट’ यातून ‘घाट’ काढला तर ‘नाणे’ उरते, आणि तो वेगळाच पदार्थ झाला. जातिवाचक शब्द काढल्यावर जे उरते ते त्या स्थळाचे नाव म्हणून उभे राहत असेल, तर काढलेला शब्द सामान्यनाम होता. उभे राहत नसेल, तर तो नावाचाच अवयव होता.

काही नावांत हा जातिवाचक शब्द इतका मुरलेला असतो की तो तेथे आहे हे ध्यानातही येत नाही. ‘सह्याद्री’ म्हणजे ‘सह्य’ आणि ‘अद्रि’. अद्रि म्हणजे पर्वत. ‘निलगिरी’, ‘विंध्याचल’ आणि ‘रत्नागिरी’ यांतही पर्वत आहेच. तेव्हा ‘सह्याद्री पर्वत’ लिहिणे ही द्विरुक्ती आहे, असा आक्षेप काही काटेकोर मुद्रितशोधक घेतात. माझ्या मते हा आक्षेप गैरलागू आहे, कारण आजच्या वाचकाच्या दृष्टीने ‘सह्याद्री’ हे अखंड विशेषनाम आहे आणि त्याचा विग्रह करून कोणी वाचत नाही. अरबी भाषेत ‘सहारा’ या शब्दातच वाळवंट हा अर्थ आहे, म्हणून ‘सहारा वाळवंट’ लिहू नये असा हट्ट भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात धरला, तर विद्यार्थ्याचे नुकसानच होईल.

काही ठिकाणी तर नावाचा भाग नसलेले सामान्यनाम अत्यावश्यक असते. ‘गड’ या शब्दात किल्ला आलाच, म्हणून ‘सिंहगड किल्ला’ यातला ‘किल्ला’ गाळला तरी चालेल. ‘रायगड किल्ला’ यातला मात्र गाळू नये. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, आणि तेव्हापासून नुसते ‘रायगडावर’ म्हटले तर किल्ला आणि ‘रायगडात’ म्हटले तर जिल्हा, अशी वाटणी बोलण्यात झाली असली, तरी ‘रायगडची लोकसंख्या’ किंवा ‘रायगडचा इतिहास’ येथे संदिग्धता राहतेच. त्याच वर्षी वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचेही हेच आहे; मालवणजवळच्या जलदुर्गाला ‘सिंधुदुर्ग किल्ला’ म्हणणे आता भाग आहे. धरणांची नावे बहुधा उसनी असतात. कोयना हे नदीचे नाव, जायकवाडी हे गावाचे नाव. त्यामुळे ‘कोयना धरण भरले’ आणि ‘कोयना दुथडी भरली’ ही दोन वाक्ये वेगळी ठेवण्याचे काम ‘धरण’ या शब्दाकडेच आहे. जलाशयांना मात्र स्वतंत्र नावे आहेत: कोयनेचा शिवसागर आणि जायकवाडीचा नाथसागर.

सामान्यनाम एकटेच नाव बनते तेव्हा

खरी अडचण येथे आहे. अहमदनगर हे नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झाले, पण त्या शहराला लोक पूर्वीपासून नुसते ‘नगर’ म्हणतात आणि आजही म्हणतात. ‘नगरहून एसटी सुटली’ या वाक्यात ‘नगर’ हे विशेषनाम आहे. ‘नगराची रचना’ यात ते सामान्यनाम आहे. येथे सामान्यरूपच भेद सांगते: शहराचे नाव असलेला ‘नगर’ ‘नगरला, नगरचा, नगरहून’ असा न बदलता चालतो, तर सामान्यनाम ‘नगराला, नगराचा’ असे चालते. नाशिक जिल्ह्यातील पेठ हा तालुका आणि पालघर जिल्ह्यातील वाडा हा तालुका यांच्या बाबतीत मात्र ही मदत पुरेशी होत नाही, कारण ‘वाड्याला’ हे रूप गावाचे आणि इमारतीचेही होते.

अशा वेळी क्रियापदासह वाचावे. मराठीत गावाच्या नावाला ‘ला’ लावून राहणे, बदली होणे, नोकरीस असणे या क्रिया सांगता येतात: ‘पुण्याला राहतो’, ‘नाशिकला बदली झाली’. सामान्यनामाबरोबर ही रचना चालत नाही. ‘शहराला राहतो’ असे कोणी म्हणत नाही, ‘शहरात राहतो’ असे म्हणतो. म्हणून ‘तो वाड्याला राहतो’ हे ऐकले की तालुक्याचे गाव समजावे आणि ‘तो वाड्यात राहतो’ हे ऐकले की चौकाचा, ओसरीचा वाडा समजावा. ‘ठाण्याला राहतो’ यात शहर आहे याविषयी शंका नाही. ‘ठाण्यात तक्रार नोंदवली’ यात शहर आहे की पोलीस ठाणे, हे वाक्यावरून ठरत नाही, आणि बातमी लिहिणाऱ्याने तेथे ‘पोलीस’ हा शब्द वाचवू नये. या कसोटीला एक ठळक अपवाद ‘गाव’ या शब्दाचा आहे. ‘आई सध्या गावाला असते’ हे वाक्य शुद्ध आहे, कारण बोलणाऱ्याच्या मनात तो शब्द त्याच्या एका गावाचे नाव होऊन बसलेला असतो. व्याकरणात मात्र त्याला सामान्यनामच म्हणावे. तसेच ही कसोटी गावे आणि शहरे यांच्यापुरतीच आहे. प्रदेशांना ती लावू नये, कारण आपण ‘कोकणात राहतो’ म्हणतो, ‘कोकणाला राहतो’ म्हणत नाही.

प्रदेशांच्या नावांत सर्वांत सुंदर उदाहरण ‘देश’ या शब्दाचे आहे. ‘देशात पाऊस कमी झाला’ म्हणजे भारतात. ‘देशावर पाऊस कमी झाला’ म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारी मुलखात. शब्द एकच, एकदा सामान्यनाम आणि एकदा विशेषनाम, आणि सगळा भेद ‘त’ आणि ‘वर’ एवढ्यात सामावलेला. कोकणातला माणूस ‘घाटावर’ म्हणतो तेव्हाही तो एखाद्या विशिष्ट खिंडीविषयी बोलत नसतो, वरच्या मुलखाविषयी बोलत असतो. पण ‘घाटात दरड कोसळली’ म्हणतो तेव्हा तो घाटाचा रस्ताच असतो. ‘मावळ’ या शब्दाने तर दोन्ही भूमिका वेगवेगळ्या काळात केल्या आहेत. ‘बारा मावळ’ म्हणताना तो मोजता येणारा, खोऱ्याच्या अर्थाचा शब्द होता आणि पवन मावळ, अंदर मावळ, नाणे मावळ अशी त्यांतल्या एकेकाची नावे होती. आज पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे ते नाव आहे.

दिशांचाही विचार याच पद्धतीने करावा. ‘नाशिकच्या उत्तरेला’ यात दिशा आहे. ‘उत्तर महाराष्ट्र’ हे रूढ प्रदेशनाम आहे. ‘दक्षिण आफ्रिका’ हा देश आहे. खंडाचा दक्षिणेकडचा सगळा भाग सांगायचा असेल, तर ‘आफ्रिकेचा दक्षिण भाग’ असेच लिहावे.

विशेषनाम जातीत मिसळते तेव्हा

उलटा प्रवासही होतो. गंगा हे एका नदीचे विशेषनाम आहे, पण पंचगंगा, वैनगंगा आणि पैनगंगा या नावांत ‘गंगा’ हा शब्द नदी याच अर्थाने आला आहे. गोदावरीला ‘दक्षिणेची गंगा’ म्हणतात तेव्हा तो शब्द एका श्रेष्ठ जातीचे नाव होतो. आणि नाशिकचे लोक गोदावरीवर जाताना ‘गंगेवर जातो’ म्हणतात तेव्हा तो पुन्हा विशेषनाम होतो, फक्त दुसऱ्या नदीचे. शब्दकोशात शब्दाची जात पाहून हे कळणार नाही. निर्णय नेहमी वाक्यावरून करावा.

अनेकवचनाची प्रसिद्ध कसोटी येथेच फसते आणि येथेच उपयोगीही पडते. ‘विशेषनामाचे अनेकवचन होत नाही’ असे शिकवले जाते, आणि तरीही ‘पुणे जिल्ह्यात वडगावे कितीतरी आहेत’ हे वाक्य निर्दोष आहे. त्या वाक्यात ‘वडगाव’ म्हणजे ‘वडगाव नावाचे गाव’, अर्थात ते तेवढ्यापुरते सामान्यनाम झाले आहे. ‘पैठण’ हे विशेषनाम, पण ‘पैठणी’ सामान्यनाम, कारण कपाटात दोन पैठण्या असू शकतात. निलगिरी ही डोंगररांग, पण ‘बांधावर चार निलगिरी लावल्या’ यात झाडे.

यादी, पत्ता आणि पाटी

ग्रामनामांच्या याद्या करताना ‘मौजे’, ‘कसबे’, ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ या शब्दांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ म्हणजे मोठे आणि लहान. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही दोन वेगळी गावे आहेत, त्यामुळे हे शब्द नावाचे अविभाज्य भाग आहेत आणि ते गाळता येत नाहीत. सरकारी कागदावर त्यांचा ‘बु.’ आणि ‘खु.’ असा संक्षेप होतो, तो यादीत उलगडून लिहिणे चांगले.

‘मौजे’ हा मात्र सहसा महसुली शिरस्त्याचा शब्द असतो. जुन्या दस्तात ‘मौजे पिंपळगाव, तालुका अमुक, जिल्हा तमुक’ असे लिहिलेले असते, तेव्हा ‘मौजे’ म्हणजे फक्त ‘गाव’. ते सामान्यनाम आहे आणि नावाच्या यादीत घेऊ नये. पण नियम म्हणून सरसकट गाळायला जावे, तर निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे अशी दोन गावे शेजारीशेजारी निघतात, आणि सांगलीजवळ कसबे डिग्रज व मौजे डिग्रज. तेथे तेच शब्द नावे वेगळी ठेवण्याचे काम करतात, म्हणून ते विशेषनामाचे घटक आहेत. कसोटी सोपी आहे: शब्द गाळल्यावर शेजारच्या गावाशी घोळ होत असेल, तर तो नावात आहे असे धरावे. वर्णानुक्रमात कसबे सुकेणे ‘क’ मध्ये आणि मौजे सुकेणे ‘म’ मध्ये जाईल, आणि शोधणाऱ्याच्या सोयीसाठी ‘सुकेणे’ या नोंदीपाशी दोन्हींचा निर्देश करावा.

जोडून लिहावे की तोडून, हाही प्रश्न याच निर्णयावर अवलंबून आहे. ‘बोरघाट’ आणि ‘नाणेघाट’ जोडून लिहितात, कारण ते सामासिक शब्द आहेत. ‘आंबेनळी घाट’ आणि ‘ताम्हिणी घाट’ यांत ‘घाट’ हे सुटे सामान्यनाम आहे आणि ते सुटेच लिहावे. कणकवली तालुक्यात फोंडाघाट या नावाचे गाव आहे आणि तेथूनच वर चढणारा फोंडा घाट आहे. गोव्यातले फोंडा हे शहर तिसरेच. ‘फोंडाघाटात बाजार भरतो’ आणि ‘फोंडा घाटात दरड कोसळली’ या वाक्यांतला फरक वाचकाला फक्त मधल्या मोकळ्या जागेवरून कळणार आहे, तेव्हा ती जागा मुद्रितशोधकाने जपली पाहिजे.

अनुवाद करताना किंवा रोमन लिपीत पाटी लिहिताना हे सगळे एकदम समोर येते. सुट्या सामान्यनामाचे भाषांतर करावे, नावात मुरलेल्या शब्दाचे करू नये. ‘ताम्हिणी घाट’ यातल्या ‘घाट’साठी इंग्रजी शब्द योजता येईल, ‘फोंडाघाट’ मात्र अक्षरशः तसेच लिहावे लागेल, अन्यथा टपाल गावाऐवजी खिंडीत जाईल. ‘रत्नागिरी’तला डोंगर आणि ‘सिंधुदुर्ग’मधला किल्ला जसाच्या तसा ठेवून, गरज असेल तेथे त्यापुढे जिल्ह्यासाठीचा किंवा किल्ल्यासाठीचा परभाषेतला शब्द जोडावा.